टिकल्या लावून ठरवलेलं संशोधन

नेरूळ, गुरुवार संध्याकाळ

मच्छीमार बोटींच्या वायरलेसमध्ये खरखर का येते, हा अभ्यास यादीतून गेला. समितीच्या सचिवबाईंनी आत्ताच फोनवर सांगितलं.

रेडिओ लहरींबाबत सरकारने आधी कशावर संशोधन करायचं, ते आज सीवूड्सच्या हॉटेलात ठरलं. भिंतीवर विषयांचे कागद, आणि आवडत्या विषयावर प्रत्येकाने रंगीत टिकल्या चिकटवायच्या. निम्म्याहून जास्त खुर्च्या मोबाइल कंपन्यांच्या. मग काय, वेगवान फोन पहिला! देशाचं संशोधन म्हणजे हळदीकुंकू वाटलं यांना?

मच्छीमार सोसायटीचे जनार्दनदादा माझ्या सांगण्यावरून आले होते. त्यांना एकही टिकली दिली नाही. ते म्हणे फक्त निमंत्रित.

अध्यक्ष म्हणाले, "दादा, आता बोटीवर मोबाइल चालतो की!"

"किनाऱ्याजवल चालतं, साहेब. भाईर वायरलेसच हाय. माज्या पोराची बोट बंद परली, त्यानं हाका मारल्या. आमाला नुसती खरखर. तुमी या ना एकदा, बसवतो बोटीवर."

"उलटी होईल हो मला," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. कुणी विचारलंसुद्धा नाही, पोरगा परत आला का. आला, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढत आणला.

या बैठकीचा अहवाल मी लिहायचा, उद्या दुपारपर्यंत. 'सर्वानुमते' हा शब्द मी घालणार नाही. अध्यक्षांनी घातला, तर मी अहवालावरून माझं नाव काढायला सांगेन. एवढंच हातात आहे? एवढंच.

सोमवारी यादी दिल्लीला जाईल. दादांचा मुलगा उद्या पहाटेच बोट काढतोय, तोच वायरलेस घेऊन.