हाड अडकलंच नव्हतं

रुसापे,
१४ जून, रविवार

ती. थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार.

तुम्हाला झोप बरी लागत असेल, तर मलाही लागते असं समजा. जूनच्या थंडीने यंदा कहर केलाय. शेंगा उपटून झाल्या, मका वाळतोय. मुटारेला लेकाकडे तुम्हाला उन्हाची खोली मिळाली, असं ऐकलं. बरं झालं.

कुत्र्याबद्दल लिहायचं होतं. तसं विशेष काही नाही. म्हणजे, आहे.

त्याचं नाव तुम्ही विसरणं शक्यच नाही. आपल्याकडे तोंडावर भांडायची लाज वाटली की लोक कुत्र्याला नाव ठेवतात आणि कुंपणाशी उभं राहून हाका मारतात. मी ठेवलं ‘हमुन्दिदी’, म्हणजे तुम्हाला मी नकोच आहे! भांडण तरी केवढं? माझ्या आईच्या मयताला तुम्ही उशिरा आलात. एवढ्यासाठी सहा वर्षं रोज संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. आणि तो लबाड यायचा तुमच्याच अंगणातून, तोंडात तुम्हीच दिलेलं हाड घेऊन. मेल्याला लाज म्हणून नव्हती.

पाऊस सरता सरता तो खोकायला लागला. कोरडा खोकला, शेवटी ओकारी काढल्यासारखा, पण पडायचं काहीच नाही. सगळी वस्ती म्हणाली, हाड अडकलंय. मी मक्याच्या घट्ट साद्झाचे हे एवढाले गोळे त्याच्या घशात कोंबले, हाड खाली ढकलायला. बिचारा डोळे पांढरे करायचा, तरी गिळायचा.

तेव्हा तुम्ही कुंपणापाशी येऊन म्हणालात, “अगं, हाड असतं तर खाताना अडखळला असता. हा झोपेतून उठला की खोकतो. फाटकापर्यंत धावायचा, आता आंब्यापाशीच बसकण मारतो. आडवा होत नाही, कोपरं फाकवून बसल्या बसल्या पेंगतो. पाठ वाळली आणि पोट तेवढं सुटलंय. याचं काळीज थकलंय गं. आमच्या ह्यांचंही असंच सुरू झालं होतं.”

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. लख्ख आठवतंय.

असो. गुरुवारी, गोचिडांसाठी गुरांना बुडवून काढतात त्या औषधी टाकीपाशी कुत्र्यांना लस टोचायला मुटारेहून डॉक्टर आल्या होत्या. चेनेसाई नाव, पोरसवदाच आहेत. आमच्या ध्यानाला टोचायच्या आधीच त्यांनी नळी लावली आणि कितीतरी वेळ ऐकत बसल्या. मी म्हटलं, “बाई, घशात बघा, हाड आहे.”

“हाड नाही, मावशी. हृदयाची झडप गळतेय. छातीत पाणी साचतं, म्हणून खोकला. झोपलेला असताना बरगडी किती वेळा वर येते ते मिनिटभर मोजा. तिसाच्या वर असेल तर वाईट. हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

मग त्यांनी लसीचं कार्ड काढलं. “कुत्र्याचं नाव सांगा.”

सांगितलं. मागची सगळी रांग फिदीफिदी हसली. म्हातारा गोन्दो ओरडला, “अगं, आता कुणाला ऐकवतेस? ती तर केव्हाच गेली!”

जाऊबाई, मी मागे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ती गेली, कारण मी तिच्यावर आळ घेतला. हाडात काही नव्हतं. ती म्हणाली तेच खरं होतं, आणि मी बोलले ते सगळं खोटं.” कुणी हसलं नाही. विहिरीवर त्या दिवशी हजर असलेल्या तिघी रांगेत होत्या. त्यांनी माना खाली घातल्या.

आता तेही लिहिते, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. तुम्हाला कुंपणाशी आणि मग विहिरीवर चारचौघींत मी म्हणाले होते, “तुम्हीच कुत्र्याला काहीतरी चारलंत. नवऱ्यालाही असंच चारून घालवलंत ना?” ज्या माणसाला उशांना टेकवून, त्याचा श्वास मोजत तुम्ही तीन महिने बसलात, त्याच्याबद्दल मी हे बोलले. आठवड्यात तुम्ही घराला कुलूप लावलंत, आणि मी कुंपणाआडून बघत राहिले.

कुत्रा गोळ्यांवर आहे. मी श्वास मोजते, काल चव्वेचाळीस होते, आज छत्तीस. बरा होणार नाही, पण काही महिने सुखाने काढेल, असं डॉक्टर म्हणाल्या. तो हल्ली तुमच्या बंद दाराच्या पायरीवरच बसतो. मी हाक मारत नाही. जेवण तिथेच नेऊन देते.

रीतीप्रमाणे माफी मागायला मध्यस्थ पाठवायचा असतो. मी पाठवत नाही. बोलले मी, तर तोंडही मीच दाखवायला हवं. येत्या शनिवारी सकाळच्या बसने येते आहे. तुम्हाला दार उघडावंसं वाटलं नाही, तर मी फाटकाबाहेर बसेन आणि दुपारच्या बसने परत जाईन. माझ्या मुलांवर राग धरू नका, त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

खाली ‘तुमची’ लिहायला हात धजत नाही. ते तुम्ही म्हणाल तेव्हा.

नुसतीच,
माइदेई