भोंगा वाजला नव्हता

बालाघाट,
१९ नोव्हेंबर २०२४

बाबा,

जय भीम. आईच्या गुडघ्याचं तेल शेजारच्या अश्विनच्या हाती गावी, लामत्याले पाठवलं, भेटलंच असन. इथं थंडी पडून राह्यली. तुम्ही फोन उचलत नाई, म्हणून लिहून राह्यली.

भोंगा वाजला की खदानीतल्या माणसाईले वर बोलवायचं, हे तुमचं काम. तुमाले कामावरून काढलं, तेव्हा तुम्ही एकच म्हणत होते, "भोंगा वाजलाच नाई, रचना." लोक म्हणत, टिकारामचा डोळा लागला. आन मी काय म्हटलं? "मशीन झोपत नाई, बाबा." तुम्ही पिशवी उचलली न गावी गेले.

भोंग्याचं ते मशीन चालवणारा प्रोग्राम माझा होता.

शनिवारी मी खदानीच्या ऑफिसातला जुना कम्प्युटर तपासला. माझा प्रोग्राम पाण्याची उंची वाचते, पाणी वाढलं की भोंगा वाजवते, आन प्रत्येक आकडा नोंद ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामले पाइपातून देते. हा पाइप लोखंडाचा नाई, मशीनच्या आतला. तो भरला, की आकडा टाकणारा तिथंच थांबून राह्यते. म्हणून आधीच सांगून ठेवावं लागते: भरला असन तर थांबू नको, पुढं जा. नव्या मशीनवर हे पाइप बनवतानाच सांगता येते. जुन्या मशीनले ते समजत नाई. तिथं आधी पाइप बनवायचा, मग वेगळ्या ओळीत सांगायचं.

मी फक्त बनवतानाच सांगतलं, ती वेगळी ओळ लिहिलीच नाई. माझ्या नव्या लॅपटॉपवर सगळं बरोबर चाललं. जुन्यावर तपासलं नाई.

खदानीत पाणी भरलं त्या दुपारी नोंदवाला प्रोग्राम अडकला, पाइप भरला, माझा प्रोग्राम थांबून राह्यला. पाणी चढत गेलं. खाली फकिराकाका होते.

काल फकिराकाकाच्या घरी, गीताकाकूकडं गेली. सगळं सांगतलं. ती म्हणाली, "ह्याईच्या मातीच्या दिवशी टिकारामभाऊ आले होते. मी त्याईले दारातून हाकललं." मले बस म्हणाली नाई, जा बी म्हणाली नाई.

आज चौकशीच्या साहेबाले लिहून दिलं. ते म्हणाले, "बेटा, केस आप पर बनेगा. सोच लो."

मी म्हटलं, "मेरे बाबा सच बोल रहे थे. पहले ये लिखिए."

त्याईनं लिहिलं. तुमाले कामावर परत घेतील का, ते सांगतलं नाई.

माफी मागितली तर तुम्ही देऊन टाकान, मले माहीत आहे. म्हणून मागत नाई.

तुमाले खोटं पाडणारी,
रचना