मांडीएवढा कटला आणि पाचोडचा बाजार

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप सदाशिवमामांना विश्वजितचा कोपरापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि मामींनी तुमच्या चहात पुन्हा साखर घालायला सुरुवात केली असेल, अशी आशा. इकडं आम्ही सुखरूप. (हे 'सुखरूप' परवा थोडक्यात वाचलं, म्हणून सविस्तर लिहितो.)

दर रविवारी मी पैठणला नाथांच्या दर्शनाला जातो, असं माझी बायको चारुता समजते, असं मला वाटायचं. दर्शन घेतोच, पण धावतं. उरलेला दिवस धरणाच्या काठी गळ टाकून बसतो. आपल्या घरात अंड्यालाही मज्जाव, म्हणून लागलेला मासा शेजारच्या अभयला द्यायचा, हा शिरस्ता. पण हल्ली मला पाहिलं की अभयची बायको दार लावून घेते. त्यात परवा लागला कटला, मांडीएवढा! टाकवेना, घरी नेववेना. शेवटी वाट वाकडी करून (ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून) पाचोडचा बाजार गाठला आणि मासळीवाल्या द्वारकाबाईंशेजारी पोतं अंथरलं.

पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "कापून देता का?" मी कटल्याकडं पाहिलं, कटल्यानं माझ्याकडं. तेवढ्यात मच्छीमार सोसायटीचा सोमनाथ आला. माझा इस्त्रीचा शर्ट पाहूनच त्यानं ओळखलं.

"सायेब, हौशी माणसानं धरावं, घरी खावं. इकायचं नाय. सोसायटीचा नेमच हाय तसा."

"तुमची सुट्टीची मौज व्हती, पर आमचं पोट हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. मला खरंच लाज वाटली. घाईघाईत बोलून गेलो, की घरी खायलाच नेतोय.

"मंग घरचा नंबर सांगा," सोमनाथ म्हणाला. आणि मामा, घाबरून मी खराच सांगितला! त्यानं तिथंच फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"ताई, तुमच्यात मासे खातात का?"

फोनवर चारुताचा आवाज आला, "खातात. मीच आणायला सांगितलाय. पाठवा त्यांना लवकर."

कटला पोत्यात गुंडाळून मी निघालो. घरी पोचलो तर ती एवढंच म्हणाली, "देवळातून येणाऱ्याच्या शर्टाला खवले चिकटत नाहीत. ते शर्ट मीच धुते." किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आता गळ दिवाणखान्यात उघड उभा असतो.

तुमचा,
विश्वजित

ता. क. : सोसायटीला दिलेला शब्द खोटा पडता कामा नये, असं चारुताचं म्हणणं. कटला सध्या फ्रीजरमध्ये श्रीखंडाशेजारी आहे. तो शिजवायचा कसा, तेवढं कळवा.

ता. ता. क. : "मला काय ठाऊक?" असं लिहू नका. तुमच्या हातचा माशाचा रस्सा झकास होतो, हे मामींनीच चारुताला सांगितलंय.