भिंतीला भोकं नकोत

७ फेब्रुवारी १९८३, सोमवार
आज संरक्षक भिंतीचा पाया. आमची शाळा टेकडीच्या उतारावर. वरचा मुरूम दरवर्षी तिसरीचा वर्ग बसतो तिथवर उतरतो. यंदा दुष्काळी कामातून भिंत मंजूर झाली. अकरा फूट उंच, मागे भराव, भरावावर प्रार्थनेचं सपाट मैदान. नव्या लातूर जिल्ह्यात अशी भिंत दुसऱ्या कुठल्या शाळेला नसेल. अर्ज माझाच. माझं अक्षर जळकोटपर्यंत नावाजलेलं आहे, त्याचा उपयोग झाला असावा.
संकल्प: रोज स्वतः देखरेख.

१६ फेब्रुवारी
देखरेख चालू. गवंडी नागप्पा कर्नाटकाच्या बाजूचा आहे, काम बरं, तोंड जास्त. भिंतीत ओळीने बारा भोकं ठेवली. विचारलं, कशाला? म्हणतो, पाण्याला वाट नको का गुरुजी? कोंडलं की ढकलतंय ते. मी हसलो. विहिरी कोरड्या पडल्यात, माणसं घागरी घेऊन दोन कोस हिंडून राहिलीत, आणि हा भिंतीला पाण्याची वाट करतोय!

२४ फेब्रुवारी
सोमवारी लातूरहून साहेब पाहणीला येणार. भिंतीला चुना मारला. भोकं फार वाईट दिसतात, देवी आलेल्या तोंडासारखी. सिमेंटने बुजवायला सांगितलं. नागप्पा न्हाई म्हणाला. मग मी स्वतः थापी घेतली. बारा भोकं, पाऊण तास. जमतं मला.

२८ फेब्रुवारी
साहेब आले. जीपमधून उतरले नाहीत, पण काच खाली केली. "छान" म्हणाले. भिंतीकडेच पाहत होते.
शाळेचा शिक्का अजून जुन्या जिल्ह्याचा, उस्मानाबादचाच आहे. खाली शाईने "लातूर" लिहून दिलं.

७ मार्च
टँकर सुरू. गल्लीत वळत नाही, म्हणून सरपंचांना मीच सुचवलं की आमच्या सपाट मैदानावर हौद करा. तीन दिवसांत दगडमातीचा हौद तयार. रोज सकाळी आठला टँकर येतो आणि थेट भिंतीच्या डोक्यावर उभा राहतो. सगळं गाव शाळेत. पाण्याचं पुण्य मुख्याध्यापकाला.

१५ मार्च
सकाळची शाळा. खोल्या दोनच, त्यामुळे तिसरीचा वर्ग भिंतीच्या सावलीत बसतो. पटावर चौतीस. माझी खुर्चीही तिथेच, गार वाटतं.
हौद थोडा झिरपतो. भिंतीवर ओल आहे. चुना वाळायला वेळ लागतो.
एका भेगेतून हरळी उगवली आहे. गावात एवढंच हिरवं. शेळ्या येऊन बघून जातात. शाळेची शोभा.

१७ मार्च
भेग बोटभर लांब होती, आता हातभर. नक्की आधी किती होती ते आठवत नाही. भेगेवर कागदाची पट्टी चिकटवली. भिंत हलली तर पट्टी फाटेल. शास्त्रीय पद्धत.

१८ मार्च
पट्टी फाटली. कागद उस्मानाबादच्या जुन्या स्टॉकमधला, कुजका.

१९ मार्च
जाड कागद लावला. दाखल्याचा, लातूरचा.

२१ मार्च, सकाळी ७.२०
तोही फाटला. खळ खराब असावी.
खुर्ची भिंतीपासून कडुलिंबाखाली हलवली. उजेड चांगला येतो.

२३ मार्च
घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, ऊन.
नागप्पाने येऊन ओळंबा लावला. भिंतीला पोट सुटलंय म्हणाला, चार बोटं. भोकं उघडा, आजच. मी म्हटलं, वाऱ्याने ओळंबा हलतो. वारा नव्हता. भोकं उघडायची तर ती बुजवली कोणी, हे विचारणार. शिवाय चुना नवा आहे.
पोरं हलवावीत असं मनात आलं. पण पोरं हलवली की कारण लिहावं लागतं. खुर्ची हलवायला कारण लागत नाही.

२६ मार्च
तिसरीच्या पंचशीलाबाईंनी परवानगी न घेता सगळा वर्ग उचलून खालच्या बुद्धविहारात नेला. विचारलं तर म्हणाल्या, सर, ती भिंत बघून माझ्या अंगावर काटा येऊन राहिला. शिस्त म्हणून काही आहे की नाही?

२८ मार्च
बाईंना मेमो काढला. जावक क्रमांक ४१. "वर्ग तत्काळ पूर्वीच्या जागी बसवावा, अन्यथा कारवाई." अक्षर सुरेख आलं.
बाईंनी सही करून घेतला. वर म्हणाल्या, सर, उद्या तुम्ही तुमची खुर्ची भिंतीला लावा. एक तासिका बसा. मी तिथल्या तिथे पोरं आणते.
यात अवघड काय आहे?

२९ मार्च
८.०० खुर्ची भिंतीला लावली. बाई विहाराच्या दारात उभ्या, हाताची घडी.
८.०४ वर टँकर आला. पाठीला गार लागलं.
८.०९ भिंतीच्या आत पाणी बोलतंय. गुळगुळ, गुळगुळ. भास असावा.
८.११ टपालाचं तातडीचं काम आठवलं.
रजिस्टरला नोंद: एक तासिका बसलो, धोका नाही. पोरं उद्यापासून परत आणावीत.
बाई विहारात परत गेल्या. पोरं आणली नाहीत.
मी भ्यालो. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही.

३० मार्च
८.२० ला पडली. टँकर रिकामा होऊन नुकताच खाली उतरला होता. तो उतरेपर्यंत घागरींची रांग रस्त्यावरच थांबते, म्हणून हौदावर कोणी नव्हतं. आधी पोट फुटलं, मग हौद आला, मग मुरूम. धूळ आणि चिखल एकाच वेळी. माझी खुर्ची आधी होती तिथे आता पुरुषभर दगड.
मला काही सुचेना. पोरं विहारात आहेत हे ठाऊक होतं, तरी हजेरीबुक घेऊन ढिगाऱ्यासमोर उभा राहिलो आणि नावं पुकारत सुटलो. बाई खालून धावत आल्या, हातातून हजेरी घेतली. म्हणाल्या, सर, इकडं या, इथं पुकारा. विहारात एकेक नाव घेतलं. पटावर ३४. हजर ३४. दोनदा मोजले. तिसऱ्यांदा बाईंनी मोजू दिलं नाही.

२ एप्रिल
चौकशीचा फॉर्म आला. बाईंनी मेमो ४१ परत आणून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, माझ्याकडं नको सर, तुमच्याकडं राहू द्या. फाडायला मोकळा होतो. फाडला नाही.
रकाना सात: धोक्याची पूर्वकल्पना होती काय? मी लिहिलं, "नव्हती."
नागप्पा भिंतीवर टांगून ठेवलेला ओळंबा ढिगाऱ्यात शोधायला आला होता. त्याला वाचता येत नाही. काय लिवलं गुरुजी, म्हणाला. सांगितलं.
त्याने कडुलिंबाकडे बोट केलं. म्हणाला, मग खुर्ची का हलवली व्हती?
रकाना खोडला. "होती" लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.