एक्केचाळिसावी ताई

किल्लारी, १२ मे

ती. बजरंगदादास राजकन्याचा पाया पडून नमस्कार. वि. वि. इकडं सगळे खुशाल हावत, फक्त पत्रा खुशाल न्हाई.

दिवाळीला ओवाळणी म्हणून तू माझ्या घरावर पत्रे बसवलेस. त्यातला बाळाच्या झोळीवरचा वाऱ्यानं खडखड हालायलाय. हे लातूरला ट्रक चालवतेत, पंधरा दिसांनी येतेत. बाळ चार महिन्याचं. वारं सुटलं की मी झोळीकडं बघू का वर, कळंना.

तुला सात वेळा फोन लावला. एक बाई लई गोड बोलती, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा हाय म्हणती अन् गाणं लावती. दादा कुठं गेलाय म्हणून मी तिला दोनदा विचारलं, तर दाद देईना. म्हणून पत्र. चौथीचं अक्षर हाय, समजून घे. पत्रे बसवायच्या धंद्यात गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, त्याचं तू नांदेडला हॉटेलात ट्रेनिंग घेतलंस म्हणे. तिथं पत्र्याचं बी काही सांगितलं का?

लवकर ये. माया पातळ करू नको.

तुझी राजकन्या


नांदेड, १७ मे

प्रिय ग्राहक चि. सौ. राजकन्या हिला बजरंगदादाचे आशीर्वाद. आमची सेवा निवडल्याबद्दल आभार.

रागावू नको, ट्रेनिंगच्या सरांनी सुरुवात अशीच करायला सांगितलीय. सर म्हणतेत, पत्रा विकू नका, निश्चिंती विका. अन् गिऱ्हाईक तक्रार करून राहिलं तर आधी त्याची भावना ऐका. तर तुझी भावना मी ऐकली.

गिऱ्हाइकाला घरच्यासारखं वागवा, असं बी सर सांगतेत. त्यामुळं मी समद्या बायांना ताई म्हणायलोय. ताया लई झाल्यात, नंबर लावावा लागतो. तुझा एक्केचाळिसावा हाय. सख्खी म्हणून मधी घुसवली तर बाकीच्या ताया रुसतील.

तोवर पत्र्यावर चार मोठे दगड ठेव. हदगावाकडं सगळे तसंच करतेत. अन् माझ्या सेवेला पाचातले किती स्टार देतीस, ते कळव.

भाच्याला पापा. सगळ्यांना नमस्कार, लोभ चालू ठेवा.

तुझा विश्वासू,
बजरंग


किल्लारी, २३ मे

दादास नमस्कार.

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. दगडाचं ऐकलं अन् सासूबाई उठून बाहेरच गेल्या. भूकंपात त्यांच्यावर दगडामातीचं माळवद पडलं, कडेवरचं लेकरू त्यातच गेलं. इथं अजून कुणी डोक्यावर दगड ठेवत न्हाई. तुला ठावं होतं. म्हणूनच तर तू पत्रे दिलेस. इतक्या ताया झाल्यात की विसरलास.

काल परत वारं आलं. पत्र्याचा कोपरा उचलला अन् माझा जीवच गेला. बाळाला शेजारच्या शिवगंगाकाकूकडं दिलं. वारं पडल्यावर मीच शिडी लावली, सासूबाईंनी खालून धरली. वर बघते तर पत्रा धरणाऱ्या चार हुकांतल्या दोनांना नटच न्हाईत! नुसते शोभेला. ट्रॅक्टरवाल्याकडनं नट अन् पाना आणला, जुन्या ट्यूबचे वायसर कापले अन् आवळून टाकले. खाली उतरले तरी सासूबाई शिडी काही सोडंनात.

आता गल्लीतल्या तीन बाया मला बोलवायल्यात. मला गोड बोलता येत न्हाई. मी वर चढून आधी नट बघते.

स्टार विचारलेस. चारातले दोन. जेवढे हुक नीट बसवलेस तेवढे.

गिऱ्हाईक म्हणून माझं काम झालं, त्या यादीतनं माझं नाव काढ. आता बहिणीकडं म्हणून ये, हात हालवत आलास तरी चालतंय. सासूबाई म्हणल्या, त्याला लिही, जेवायला नंबर लावावा लागत न्हाई.

राजकन्या