उस्तादांचं पान

आई, काका मला मासिकाचा इतिहास लिहायला सांगतायत. काका म्हणजे तुझे संपादक, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यातले, ज्यांच्याकडे तू टायपिंगला होतीस. गाळा तोच आहे, पण आता तिथे लग्नपत्रिकांची पाकिटं बनतात. जुन्या वाचकांचा फोनवर एक ग्रुप झालाय, त्यातलं कोणीतरी म्हणालं की केबलवरच्या विदेशी कुस्तीवर मराठीत एवढं मासिक चाललं, त्याचं एक छोटं पुस्तक तरी करा. काकांनी मला बोलावलं. मीच का, तर तुझा मुलगा म्हणून, आणि रिकामा असतो म्हणून. रिकामा नाहीये मी. बोरिवलीत एका दुकानात मोबाईलच्या काचा बदलतो. पण दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या पोराला लोक रिकामाच म्हणतात. तू गेलीस तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, त्यामुळे तुला हे काहीच माहीत नाही.

कॉलेज का सोडलं तेही सांगतो. वर्गात एक मुलगी होती. तिच्याबद्दल कॅन्टीनमध्ये एक जण काहीतरी घाण बोलला आणि मी त्याचं डोकं टेबलावर आपटलं. मला वाटलं आता ती माझ्याकडे बघेल. बघितलं तिने. म्हणाली, "मी बोलावलं होतं का तुला? माझं नाव पुढे करून तू स्वतःची हौस भागवलीस." आठवड्याभरात मी कॉलेज सोडलं, ते काढून टाकायच्या आत. ती आता मराठीत एम.ए. करतेय. तीन वर्षं झाली, आणि अजून तिचा फोटो स्टेटसला दिसला की माझ्या हातातला स्क्रू खाली पडतो. वाट लागलीय आई, दुसरा शब्द नाही.

तर इतिहास. काकांनी सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. रद्दीतून आणलेल्या इंग्रजी मासिकांतले फोटो कापून पहिला अंक निघाला. मॅचचे निकाल महिना महिना उशिरा छापून यायचे, तरी पोरं वाट बघायची, कारण निम्म्या घरांत केबल नव्हती. शेवटच्या पानावर 'उस्तादांचा सल्ला' असे. पहिले उस्ताद खरोखरचे पैलवान होते, गोवंडीच्या एका तालमीतले. चार अंक त्यांनी तोंडी सांगितलं, तू टाईप केलंस. पाचव्याला ते म्हणाले, ही नाटकी कुस्ती, यात माझा दाढीमिशीवाला फोटो वापरू नका, आणि निघून गेले. पान कोरं. अंक दुसऱ्या दिवशी छपाईला. "मग?" मी विचारलं. काका चष्मा पुसत होते. मनातलं बोलायचं झालं की ते मालवणीवर येतात. म्हणाले, "मग काय? तुझ्या आवशीन भरल्यान ता पान. आणि मगे शेवटपर्यंत तीच भरी."

मी हसलो आधी. मग माझे कान गरम झाले. उस्ताद म्हणजे तू. मिशीवाल्या चित्राखाली "पैलवान, ऐक" असं सुरू होणारं ते सगळं तू. पोरं पोत्याने पत्रं पाठवायची, दंड कसे वाढवू, दहावीत नापास झालो, मुलगी बघत नाही, बाप मारतो, आणि त्या सगळ्यांना तू उत्तरं दिलीस. ओट्यापाशी उभी राहून, जुन्या प्रुफांच्या कोऱ्या बाजूवर. मला ते दिसतंय आत्ता. कुकर लागलाय, टीव्हीचा आवाज तू बंद ठेवलायस, स्वयंपाकघरातून मान वाकडी करून बघतेस आणि मला विचारतेस, "हा लाल चड्डीवाला आपल्याच जोडीदाराला का रे बडवतोय?"

"अगं तो फितूर झालाय ना!"

"असं? कधी ठरलं त्यांचं?"

"ठरलं काय! खरं असतं ते!" मी उशी फेकतो.

"बरं बाबा, खरं. ओरडू नकोस, शेजारी झोपलेत." आणि तू कागदावर काहीतरी लिहितेस. मला वाटायचं किराण्याची यादी. पुढच्या महिन्यात उस्तादांच्या पानावर जोडीदाराच्या फितुरीवर झकास मजकूर यायचा आणि मी कॉलर ताठ करून फिरायचो की बघा, उस्ताद अगदी माझ्यासारखा विचार करतात.

काका म्हणाले, एवढंच नको लिहू. बाकी सगळं लिही. "पन्नाशीला आलेली माणसं आहेत रे ग्रुपवर. कोणी म्हणतो उस्तादांमुळे दारू सोडली, कोणी म्हणतो उस्तादांमुळे घरी परत गेलो. त्यांना आता सांगायचं की ती टाईप करणारी बाई होती?"

"बाई होती म्हणजे? माझी आई होती!"

"तुझ्या आवशीक माझ्यापेक्षा जास्त कोण वळाखता? तिनाच कधी सांगूक दिला नाय."

मी समोरचा पाकिटांचा गठ्ठा उचलून भिंतीवर मारला. सत्तरीचा माणूस, आई, आणि मी त्याच्यावर ओरडत होतो की तुम्ही तिचं नाव गिळलंत, वर्षानुवर्षं गिळलंत, तुमचं नाव मात्र प्रत्येक अंकावर. ते वाकून पाकिटं गोळा करायला लागले, गुडघा धरून. मी मदत न करता निघून आलो. घरी पप्पांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "होतं. तीच म्हणाली, त्याला सांगू नका. तो माझं ऐकत नाही, उस्तादांचं ऐकतो. राहू दे त्याला एक उस्ताद."

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. गाळ्यात मी तुझ्या नावासाठी ओरडलो हे खरं, पण सगळा राग काकांवर नव्हता.

तू आजारी पडलीस, केस गेले, तू डोक्याला निळा रुमाल बांधायला लागलीस. त्या रुमालात तू माझ्या शाळेच्या ओपन डेला आलीस. बाईंशी बोललीस, मला गणितात एवढे कमी का म्हणून सगळ्यांसमोर कान धरलास. मागच्या बाकावरची पोरं हसली. मी त्या आठवड्यात उस्तादांना पत्र लिहिलं. नाव घातलं नाही, खाली फक्त 'एक दुःखी वाचक, चारकोप'. लिहिलं की माझी आई आजारी आहे, तिचं टक्कल झालंय, ती रुमाल बांधून शाळेत येते आणि मुलं मला चिडवतात. एक तर मला त्यांना मारायचा डाव शिकवा, नाहीतर माझ्या आईला सांगा शाळेत येऊ नको. सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. ते पत्र फिरून फिरून तुझ्याच टेबलावर आलं असणार, सकाळी, चहाच्या वेळी. माझं अक्षर तुला लांबूनही कळायचं, अर्धा 'र' उलटा काढायचो.

तू ते फाडू शकली असतीस. तू छापलंस. उत्तर मला पाठ आहे, तेव्हापासून पाठ आहे. "पैलवान, ऐक. तोंडावर मुखवटा बांधून आखाड्यात उतरणाऱ्याला लोक टाळ्या देतात आणि डोक्याला रुमाल बांधून येणाऱ्याला हसतात, हे मला अजून कळलेलं नाही. डाव शिकवणार नाही. हसणारी पोरं बारीक आहेत, त्यांना मोठी होऊ दे. तुझ्या आईला निरोप पोचला असं समज. ती येणार नाही. तू मात्र डबा अर्धा परत नेऊ नकोस." डब्याचं यांना कसं कळलं म्हणून मी थक्क झालो होतो. आणि पुढच्या ओपन डेला खरंच तू आली नाहीस, आत्याला पाठवलंस. मी वर्गात सांगत फिरलो की उस्तादांनी करून दाखवलं. घरी आलो तर तू पलंगावर टेकून बसली होतीस, विचारलंस, "काय म्हणाल्या बाई?" मी म्हटलं, "काही नाही." त्याच्या पुढच्या ओपन डेपर्यंत तू राहिलीच नाहीस.

दोन दिवसांनी काकांचाच फोन आला. मी माफी मागायच्या आत म्हणाले, "लिही बाबा तुझ्या आवशीचा नाव. मोठ्या अक्षरात लिही. पण एक काम कर, ता रुमालवाला पत्र आणि उत्तर पुरा छाप. ता टाईप करताना ती दोनदा उठून भायर गेली होती. मी म्हटलं राहू दे, तर म्हणाली, नको, पोराने विचारलंय." कोणत्या पोराने ते काकांना माहीत नाही. मी बरं म्हणून फोन ठेवला.

पुस्तक मी लिहिलं. चांगलं जमलंय, मलाच नवल वाटतं. प्रुफं तपासायला कोणी हवं होतं, म्हणून मी तिला मेसेज केला, त्या कॉलेजातल्या मुलीला. तिचं उत्तर आलं, "कामापुरतं बोलायचं असेल तर दे." कामापुरतंच बोललो. काल स्टेशनबाहेरच्या उडप्याच्या हॉटेलात तिने प्रुफं परत दिली, सगळीकडे लाल खुणा. म्हणाली, "आईचं वाचून बरं वाटलं रे. पण ती इतकी भारी उत्तरं द्यायची म्हणतोस, आणि एकही धड उत्तर नाही यात? काकांना एक शंका विचारायला फोन केला, तर ते कुठल्यातरी रुमालाच्या पत्राबद्दल सांगत होते. ते कुठाय?"

मी म्हटलं, "तो अंक उंदरांनी कुरतडला."

"शी यार. नेमका तोच?" ती खरंच हळहळली. कॉफी संपेपर्यंत थांबली, तुझ्याबद्दल विचारत राहिली, तू कशी दिसायचीस, काय करायचीस. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती. आणि मी सांगत होतो, हसत होतो, मला छान वाटत होतं, आणि त्याची मला आज सकाळपासून शिसारी येतेय.

प्रुफं आज छपाईला गेली. पहिल्याच पानावर तुझं नाव आहे, तुझं पूर्ण नाव, उस्ताद म्हणून. हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, ते त्या अंकात घडी करून ठेवीन. अंक माझ्या कपाटात आहे. एक कोपरासुद्धा कुरतडलेला नाही. ते रुमालाचं पत्र कोणी लिहिलं हे कोणालाच कळू नये असं मला वाटतं, आई, तिला तर नाहीच. तुला मात्र तेव्हाच कळलं होतं.