‘मंडळीत कोणी आणलं?’

७ ऑक्टोबर २०१८, रविवार

आला! वू देओक-जे आला. तेरा वर्षांनी. शेवटच्या बाकावर, जोड्यांच्या कपाटाशेजारी बसला. अंगात कोणाचा तरी मागून आणलेला वाटणारा कोट. केस पांढरेशुभ्र. असल्या माणसाला इतके देखणे पांढरे केस यावेत, हा शुद्ध अन्याय आहे.

मी चार बाकं पुढे. मान वळवली नाही. तरी सगळं दिसलं. गुनसान बंदराच्या कस्टममध्ये एकतीस वर्षं काढली आहेत. कोणाच्या पेटीत काय आहे हे मला पाठ फिरवूनही कळतं.

एके काळी हाच आमच्या चर्चचा पाळक होता. आमचे हे घरी अंथरुणावर शेवटच्या घटका मोजत होते आणि एकच धोशा — पाळकांना बोलव. मी दोनदा फोन केला. हा पिऊन पडलेला. ह्यांना प्रार्थनेशिवाय जावं लागलं. मग मी पंचमंडळाला पत्र लिहिलं — मरणाऱ्या माणसाने बोलावलं आणि पाळक आला नाही. एकच पान. पुरलं! महिन्याभरात त्याचं पद गेलं, राहतं घर गेलं, वर्षाच्या आत बायकोही गेली.

तेव्हा मला झोप छान लागली होती. आजही लागेल.

८ ऑक्टोबर

नाही लागली. कालचं मुळ्याचं किमची बाधलं असणार.

१४ ऑक्टोबर, रविवार

नवे पाळक ह्योन यांनी चाळीस दिवसांची मोहीम काढली आहे. दर्शनी भिंतीवर भलामोठा फलक — ‘कृपेने नवे होऊ या!’ फलकावर एक सूर्योदय, दोन कबुतरं आणि स्वतः पाळक ह्योन. कबुतरांपेक्षा मोठे.

उपासनेनंतर नव्या माणसांना पुढे बोलावलं. इंचॉनहून बदलून आलेलं एक जोडपं आणि वू! रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी त्यांच्याकडे हात करून आशीर्वादाचं गाणं म्हटलं. मीही हात केला — जोडप्याकडे. कोन नीट साधला.

मग कार्ड भरायचं असतं. नाव, पत्ता, फोन, आणि ‘मंडळीत कोणी आणलं?’ आणणाऱ्याची सही लागते. जोडप्याच्या कार्डावर सही होती. वूचा रकाना कोरा. चार रविवारांचा नवागतांचा वर्ग झाला आणि ही सही मिळाली, तरच यादीत नाव. नाव नाही तर १८ नोव्हेंबरला, सुगीच्या आभाराच्या रविवारी, प्रभुभोजन नाही. सगळे भाकर आणि द्राक्षारस घेतील, तो बघत बसेल. कार्ड देताना त्याने एवढंच विचारलं म्हणे — “यंदा घेता येईल ना?”

स्वयंपाकघरातली चे बाई, माझ्यासारखीच क्वोन्सा, माझ्या कानाशी लागली. “अगं, ज्याने ही इमारत उभी केली, त्याला नवागतांच्या वर्गात बसवणार?”

“बसू दे की. दार कुठल्या बाजूला आहे ते विसरला असेल.”

“तू पण ना, यून क्वोन्सा!”

२१ ऑक्टोबर, रविवार

वर्ग जेवणघराच्या कोपऱ्यात भरतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नव्हते. मोड आलेली कडधान्यं निवडत होते. सावकाश.

शिकवायला सोन-आ. पोरगी तान्ही असताना वूनेच तिला बाप्तिस्मा दिलेला. फोटो आहे तिच्या घरी, दिवाणखान्यात.

“हे पवित्र शास्त्र,” सोन-आ म्हणाली. “याचे दोन भाग असतात. जुना करार आणि नवा करार.”

इंचॉनवाल्यांनी माना डोलावल्या. वूने वहीत लिहून घेतलं! दोन भाग! खाली रेघही मारली!

सोंग आहे की काय? पण सोंग करणारा माणूस बघणाऱ्यांकडे चोरून पाहतो. हा वहीतच बघत होता.

२८ ऑक्टोबर, रविवार

आमच्याकडे किताबाशिवाय कोणाला हाक मारता येत नाही. पाळक, पंच, सेवक, क्वोन्सा. क्वोन्सा म्हणजे म्हाताऱ्या बायकांना मोठ्या सन्मानाने मरेपर्यंत दिलेलं स्वयंपाकघर. आता वूला काय म्हणायचं? पाळक म्हणावं, तर ते पद काढून घेतलेलं. सेवक म्हणावं, तर ते दिलेलं नाही. नुसतं नाव घ्यावं, तर माणूस बहात्तर वर्षांचा, जीभ वळत नाही. मग काय? कोणी बोलतच नाही! कृपेच्या फलकाखाली साठ माणसं एका माणसाशी अबोला धरून आहेत, आणि तोही सभ्यपणा म्हणून!

आज पंच प्यो यांना वूच्या शेजारच्या कपाटातले जोडे हवे होते. “अहो... ते... जरा...” असं त्यांनी खांबाला सांगितलं. खांब हलला नाही. वू हलला.

जेवणं झाल्यावर तो बाह्या सरसावून थेट मोरीपाशी. चे क्वोन्सा किंचाळलीच. “अहो, पुरुषांनी इकडे यायचं नसतं!”

“वाम माशांच्या खानावळीत दिवसभर वाट्याच घासतो मी. सवय आहे.”

मी त्याच्यासमोर करपलेलं पातेलं आदळलं. तळाशी दोन बोटं काळं. त्याने अर्ध्या तासात आरशासारखं करून दिलं. त्याचाही मला राग आला.

“यून क्वोन्सा, हे कुठे ठेवू?”

“होतं तिथे.”

तेरा वर्षांत एवढंच बोलणं. मला हाक मारायला त्याला अडचण नाही. माझा किताब शाबूत आहे ना!

४ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस संजीवन सभा. सोलहून मोठे वक्ते आणले होते. घसा बसलेला, रुमाल ओला, घड्याळाचं भान नाही. “कृपा मिळवावी लागत नाही! कृपा पात्रता बघत नाही!” सगळे “आमेन!” पंच प्यो सगळ्यांत मोठ्याने. मग दिवे मंद करून तीनदा “प्रभू! प्रभू! प्रभू!” आणि साठ जणांनी एकाच वेळी ओरडून आपापली पापं सांगायची.

मी कॅथलिक सिस्टरांच्या शाळेत शिकले. तिथे दर शनिवारी जाळीपाशी गुडघे टेकून, एकेक पाप हलक्या आवाजात, पण स्वच्छ उच्चारात सांगायचं. पुटपुटलं की जाळीपलीकडून फादरांचं “पुन्हा!” पुढे लग्न होऊन या लोकांत आले. इथली पद्धत फार सोयीची. सगळेच ओरडतात, त्यामुळे कोणाचंच ऐकू येत नाही.

सभा आटपल्यावर पंचमंडळ बसलं. महिलामंडळाची म्हणून मीही. समोर पर्सिमनच्या फोडी. पाळक ह्योन म्हणाले, “कार्डावर कोणीतरी सही करायला हवी. पुढच्या रविवारी वर्ग संपतो.”

“कृपा आहेच हो,” पंच प्यो फोड तोंडात टाकत म्हणाले, “पण काही पद्धत आहे की नाही?” मग आवाज ओला करून — “आणि यून क्वोन्सांच्या मनाविरुद्ध आम्ही सही करूच शकत नाही. त्यांनी जे भोगलंय...”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय त्या दयाळू नजरा! एवढी दया एकदम अंगावर आली की माणूस गुदमरतो.

पाळक ह्योन हळूच म्हणाले, “क्वोन्सा, क्षमा करता येईल का आपल्याला?”

“वय काय तुमचं?”

“अडतीस.”

“मग थांबा थोडं.”

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील.

११ नोव्हेंबर, रविवार

वर्गाचा शेवटचा दिवस. प्रत्येकाने आपली साक्ष सांगायची असते. इंचॉनवाल्यांनी बदली, मुलाची शाळा आणि देवाची योजना सांगितली. मग वू उठला. मी खिडकीशी समुद्रशेवाळाचं सूप ढवळत होते.

“मी इथे पाळक होतो,” तो म्हणाला. “एक माणूस मरत होता. त्याने मला बोलावलं. मी प्यायलो होतो. गेलो नाही. एवढीच माझी साक्ष आहे.”

सोन-आ रडायला लागली. इंचॉनची बाई रडायला लागली. माझ्या हातातला डाव सूपमध्ये पडला.

खोटं बोलला! साक्ष म्हणून उभा राहिला आणि धडधडीत खोटं बोलला!

आणि मी हात घालून डाव बाहेर काढला, पुसला, आणि सगळ्यांना वाढलं. दोन बोटं भाजली आहेत. लिहिताना दुखतंय.

१२ नोव्हेंबर

सकाळी सकाळी पंच प्यो यांचा फोन. “आता त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं हो! तुमचं पत्र अक्षरन् अक्षर खरं ठरलं, यून क्वोन्सा!” केवढा तो आनंद! मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. घरात दूध नव्हतं.

१३ नोव्हेंबर

खानावळीत गेले. मागच्या दाराने. तो रबरी हातमोजे घालून वाट्यांच्या ढिगाशी.

“का?” मी विचारलं.

त्याने पाहिलं. मग एक कोरडं फडकं पुढे केलं. “पुसून देता का? ओल्या राहिल्या की मालकीणबाई ओरडतात.”

पुसल्या. किती, कोण जाणे. मालकीणबाई मध्येच डोकावून म्हणाली, “आजोबा, नवी बाई ठेवलीत की काय?” तो हसला. मला हसू आलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त अधिकारी बाईला ‘नवी बाई’!

निघताना त्याने विचारलं, “त्यांना शेवटी फार त्रास झाला का?”

तेरा वर्षांत हे मला कोणीही विचारलेलं नाही. ना पंचांनी, ना चे क्वोन्साने. मी “नाही” म्हटलं आणि बस थांब्यापर्यंत छत्री हातातच राहिली. पाऊस पडत होता.

१४ नोव्हेंबर

पहाटेच्या प्रार्थनेला गेले. फलकाचं एक टोक सुटलंय. पाळक ह्योन यांचा अर्धा चेहरा दुमडला आहे. सगळे ओरडत होते. मला ओरडताही येईना.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

चर्चच्या कचेरीत जाऊन सही केली. ‘मंडळीत कोणी आणलं?’ — मी. कार्डाच्या तळाला ‘शेरा’ असा रकाना असतो, तो कोणी भरत नाही. मी भरला — माझ्या पत्रात नव्हतं ते. पंचमंडळ रविवारी मोठ्याने वाचेल.

तो आला होता. तेव्हा, माझ्या दुसऱ्या फोननंतर, भर दुपारी, सव्वातीनला. दारूचा वास येत होता म्हणून मी दार उघडलं नाही. किती तरी वेळ वाजवत राहिला. आतून ह्यांनी विचारलं, “कोण आलंय गं?”

मी म्हटलं, “कोणी नाही.”